आखाडाचा बारा लिटर रस्सा रात्रभर कसा ठेवायचा?

कोथिंबीरजुडी, निगडी

येत्या रविवारी आमच्याकडे आखाड आहे. दीर-जावा, नणंदा, पोरंबाळं धरून तीस पानं. मटण सहा किलो, तांबडा रस्सा साधारण बारा लिटर, शिवाय पांढरा. रविवारची सकाळ भाकरी आणि सुक्क्यातच जाणार, म्हणून रस्सा शनिवारीच करून ठेवायचा आहे. अडलंय ते रात्रीचं. सासूबाई म्हणतात, पातेल्यावर जाळी घालून ओट्यावर राहू दे आणि सकाळी दणदणीत उकळी आण, गावाकडे कायम असंच करत आलो. जाऊबाई म्हणतात, गरम गरमच फ्रिजमध्ये ढकल. त्यावर सासूबाईंना वाटतं की फ्रिज बिघडेल. शिवाय ते पातेलं फ्रिजमध्ये उभं राहतच नाही. पंगतीला ऐंशी ओलांडलेल्या आजेसासूबाई आहेत आणि दोन वर्षांचं लेकरू आहे, त्यामुळे "काही होत नाही" एवढ्यावर मला सोडून द्यायचं नाही. मोठ्या प्रमाणावर करणाऱ्यांनी नीट पद्धत सांगावी.

रानवाट, जत

सासूबाईंचं बरोबर आहे. आमच्याकडे जत्रेचा रस्सा रात्रभर हंड्यातच असतो. चुलीतला विस्तव पुढे ओढायचा, वर झाकण, बास. सकाळी वाटीत घेतला तरी चटका बसतो. कधी कुणाचं पोट बिघडलं नाही.

मुदपाक, मिरज

ताई, मी मिरजेत विद्यार्थ्यांची मेस चालवतो. बुधवार-शुक्रवार-रविवार मटणाचा रस्सा मोठ्या टोपातच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वरचं उत्तर घेतो, कारण त्यात खरी गोष्ट आहे आणि तीच नजरेतून सुटते. जतच्या त्या हंड्याखाली रात्रभर विस्तव असतो. सकाळीही चटका बसतो म्हणजे रस्सा साठ अंशांच्या खाली आलेलाच नाही, आणि त्या तापमानाला जंतू वाढत नाहीत. गावाकडची पद्धत चुकीची नव्हतीच. पण तुमच्या ओट्यावर विस्तव नाही. गॅस बंद केला की पातेलं निवायला लागतं, आणि बारा लिटरचं पातेलं फार सावकाश निवतं. रात्री नऊला गॅस बंद केला तर बाराच्या सुमाराला ते साठ अंशांवर येईल, दोन-तीनला पंचेचाळीसच्या आसपास, आणि पहाटेही कोमटच असेल. झाकण असेल तर आणखी वेळ. तांबड्या रश्श्यावर तवंग असतो, त्यामुळे वाफही नीट निघत नाही. पहाटे पळी मध्यापर्यंत घालून रस्सा हातावर घेऊन बघा, वरचा गार लागला तरी मधला अंगाला लागेल इतका उबदार असेल.

ती ऊबच घातक. मटणाच्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचातली झोपलेली रूपं, उकळीने मरत नाहीत. मटणातून येतात, मसाल्यातूनही येतात. पंचेचाळीस अंशांच्या आसपास त्याला इतकं मानवतं की दहा मिनिटांत एकाचे दोन होतात. त्या हिशेबाने दोन तासांत एकाचे चार हजार. मोठ्या पातेल्याच्या पोटात हवा नसते, तेही त्याच्या पथ्यावर पडतं. जेवल्यावर सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस एक दिवसात सावरतो, पण तुमच्या आजेसासूबाईंना आणि त्या लेकराला अंगातलं पाणी कमी झालेलं सोसत नाही. वासावर जाऊ नका. असा रस्सा आंबत नाही, त्याला तार सुटत नाही, चवही बदलत नाही.

आता सकाळच्या उकळीचं. रस्सा सगळीकडून खळखळून उकळला तर वाढलेले जंतू मरतात, हे खरं आहे. पण घाईत कडेला बुडबुडे आले की आपण उकळी आली म्हणतो, मधला भाग आणि मोठे तुकडे तेवढे तापलेले नसतात. आणि काही जंतू अन्नात विष सोडून ठेवतात. हातावरून, कापलेल्या बोटावरून येणारा स्टॅफिलोकोकस तसा, शिळ्या भातातला बॅसिलस सेरियस तसा. ही विषं उकळीला दाद देत नाहीत. म्हणून माझं ठाम मत असं, की काळजी घ्यायची ती निववताना. दोन तासांत रस्सा साठवरून वीस-एकवीस अंशांवर यायला हवा आणि त्यापुढच्या चार तासांत पाचच्या खाली.

तुमच्या घरात हे कसं जमवायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे शनिवारी रात्री नऊला नाही, चार-पाचलाच रस्सा उतरवा. निववायला जागरण नको. दुसरं, बारा लिटर करूच नका. मटण शिजवून, वाटण परतून, तेल सुटेपर्यंत सगळं करा, पण पाणी निम्मंच घाला. सहा-सात लिटरचा दाट रस्सा ठेवायचा आणि रविवारी त्यात उकळतं पाणी घालून वाढवायचा. आमच्याकडेही हाच शिरस्ता आहे. गरम पाणी घातल्याने तवंग शाबूत राहतो आणि चवही उतरत नाही. फक्त मीठ शेवटी बेताचं करा.

गॅस बंद केल्यावर वाफ मोडली की पातेलं मोरीत मोठ्या टबात ठेवा आणि टबात रश्श्याच्या पातळीइतकं नळाचं पाणी भरा. झाकण काढून, अधूनमधून डावाने तळापासून ढवळा. ढवळणं सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर कडा निवतात आणि मध्य तसाच राहतो. टबातलं पाणी तापलं की बदला. पावसाळ्यात नळाचं पाणी बऱ्यापैकी गार असतं, त्यानेच रस्सा चाळीसपर्यंत येईल. बर्फ त्यानंतर घाला. सुरुवातीलाच घातला तर तो नुसता वाया जातो. सात लिटरला चाळीसवरून वीसवर आणायला दीड किलोच्या आसपास बर्फ लागतो, थोडा टबातल्या पाण्यात जातो, म्हणून अडीच किलो आणून ठेवा. बाजारातली लादी फोडून आणली तर ती फक्त टबात, रश्श्यात पडता कामा नये. आम्ही आणखी एक करतो. उभट स्टीलचा डबा घासून, बर्फ भरून, घट्ट झाकण लावून सरळ रश्श्यात उभा करतो. आतून-बाहेरून दोन्हीकडून निवतं.

मग पसरट डब्यांत काढा. रश्श्याची खोली तीन बोटांपेक्षा जास्त नको, म्हणजे पाचेक सेंटिमीटर. खोली दुप्पट केली की निवायला दुप्पट नाही, जवळजवळ चौपट वेळ लागतो, त्यामुळे एका मोठ्या डब्यापेक्षा चार ताटल्यांसारखे डबे बरे. डबे स्टीलचे. टोमॅटो-कोकम पडलेला रस्सा ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ठेवू नका. डबे एकावर एक रचायचे नाहीत, मध्ये हवा खेळली पाहिजे. पूर्ण गार होईपर्यंत झाकण तिरकं, मग बंद. आणि त्या दिवशी फ्रिजमध्ये सुक्क्यासाठी लावून ठेवलेलं कच्चं मटण असेल तर ते सगळ्यात खालच्या कप्प्यात. त्याचं पाणी शिजलेल्या अन्नात ठिबकलं तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

गारवा, सांगली

फ्रिजचं मी सांगतो, दुरुस्तीचाच धंदा आहे. गरम भांड्याने फ्रिज बिघडत नाही. कॉम्प्रेसर जास्त वेळ चालेल, एवढंच. खरं नुकसान शेजारच्या दुधाचं आणि श्रीखंडाचं होतं, कारण आतली हवा तासन् तास गरम राहते. तुमच्या जाऊबाई म्हणतात तसं अख्खं गरम पातेलं ठेवलं तर रश्श्याचा मध्य सकाळपर्यंत निवत नाही आणि बाकीचंही गारठत नाही. मुदपाकदादांनी सांगितलं तसं निववून पसरट डब्यांत ठेवलं तर काही अडचण नाही. शनिवारी सकाळीच फ्रिज थोडा रिकामा करा, बटण एक आकडा वाढवा, आणि रात्री मुलांना दार उघडून उभं राहू देऊ नका. वीज गेली तर दार बंद ठेवा, न उघडता चार तासांपर्यंत आतलं टिकतं.

कोथिंबीरजुडी, निगडी

खूप आभार. निम्म्या पाण्याची युक्ती सासूबाईंना ताबडतोब पटली, त्या म्हणाल्या की आचारीही असंच करतात. आता पांढऱ्याचं काय? नारळाचं दूध घातलेला रस्सा परत उकळला की फुटतो. आणि पंगत दुपारी बारा ते चार चालते, तेवढा वेळ रस्सा कसा ठेवू? उरलेल्याचंही सांगा. एक नणंदबाई संध्याकाळी साताऱ्याला परत जाणार, त्यांना डबा द्यायची सासूबाईंची फार इच्छा आहे.

मुदपाक, मिरज

पांढरा रस्सा आदल्या दिवशी करूच नका. मटण शिजवलेलं अळणी पाणी तेवढं वेगळं काढा आणि तांबड्यासारखंच निववून फ्रिजमध्ये ठेवा. काजू-खसखशीचं वाटण सकाळी ताजं. रविवारी अळणी पाणी आधी खळखळून उकळायचं, त्यात वाटण घालून परत उकळी, आणि मग आच मंद करून नारळाचं दूध. त्यानंतर उकळायचं नाही, कडेने बारीक बुडबुडे आणि भरपूर वाफ एवढंच. चौऱ्याहत्तर अंश पुरतात, आणि एवढ्याला दूध फुटत नाही. प्रोब थर्मामीटर, म्हणजे अन्नात सळई खुपसून तापमान बघायचा, घरात असू द्या, स्वस्तात मिळतो आणि तर्क करायची वेळ येत नाही. पांढरा उरला तर ठेवायच्या भानगडीत पडू नका, तो पंगतीतच संपवा.

तांबडा एकदम सगळा तापवू नका. पहिल्या पंगतीपुरते दोन डबे काढा, उकळतं पाणी घाला, तळ ढवळत खळखळून उकळी येऊ द्या आणि पुढे पाच मिनिटं तशीच ठेवा. तुकडा मोडून बघा, आतून हाताला चटका बसला पाहिजे. मग बारीक आचेवर राहू द्या, वाढताना वाटीतून वाफ दिसली पाहिजे. बाकीचे डबे पुढच्या पंगतीची हाक येईपर्यंत फ्रिजमध्येच. यात दोन फायदे आहेत. चार तास उकळून मटणाचा भुगा होत नाही, आणि उरलं तर न तापवलेलं उरतं, ते पुढचे तीन दिवस बिनघोर चालतं. एकदा तापवलेलं परत निववून परत तापवायचं टाळा. ताटाजवळ ठेवलेल्या ओगराळ्यातलं, वाटीतून परत ओतलेलं तर पातेल्यात मुळीच जाऊ देऊ नका. मायक्रोवेव्हमध्ये तापवलंत तर मध्ये थांबून ढवळा, कारण त्यात एक कोपरा उकळतो आणि दुसरा गारच असतो.

साताऱ्याच्या डब्याची सोय शनिवारीच होते. रस्सा फ्रिजच्या डब्यांत काढताना दोन छोटे डबे त्यांच्या नावाचे भरा, वर दोन बोटं जागा सोडा कारण गोठल्यावर तो फुगतो, आणि आधी फ्रिजमध्ये गार करून रात्री फ्रीझरमध्ये टाका. त्यात बटाटा असेल तर काढून घ्या, गोठून तो भुसभुशीत होतो. रविवारी संध्याकाळपर्यंत डबा दगडासारखा होईल. वर्तमानपत्रात गुंडाळून, जाड पिशवीत घालून द्या. गाडीतल्या दोन-अडीच तासांत त्याला काही होत नाही, घरी पोचल्यावर फ्रिजमध्ये ठेवून सोमवारी उकळायचा. पंगतीतला गरम रस्सा मात्र डब्यात भरून देऊ नका. नणंदबाईंना दाट रस्सा देताय हे सांगायला विसरू नका, नाहीतर त्या पाणी न घालता तसाच तापवतील आणि मीठ-तिखट अंगावर येईल.