घड्याळ नव्हे, भरती पाहावी
नेरूळच्या तलावावर पहाटे गेले तरच फ्लेमिंगो दिसतात, असे अनेकांचे मत असते, पण मला ते पटत नाही. ओहोटीला हे पक्षी ठाणे खाडीच्या उघड्या चिखलावर चरायला पांगतात आणि भरतीचे पाणी चढू लागले की विसाव्यासाठी तलावांकडे येतात. निवृत्तीनंतर आमच्याकडे ऐरोलीला राहायला आलेल्या वडिलांनी त्यासाठी कोकणातला जुना हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला साधारण ३ वाजता.

मार्चमधल्या चतुर्थीला आम्ही दुपारी २ वाजताच काठावर जाऊन बसलो. उन्हासाठी उघडलेली छत्री वडिलांनी मिटली, आणि गुलाबी पंखांच्या काळ्या कडा दाखवत पहिली रांग डोक्यावरून खाली उतरली, तेव्हा त्यांनी माझे मनगट घट्ट धरले होते.