फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांखाली पांढरे पट्टे का उमटतात?

प्रश्न (दादर)
माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न वैशाखात दादरच्या एका हॉलमध्ये आहे. साखरपुड्याच्या दिवशी तिचा मेकअप समोरून अतिशय सुरेख दिसत होता. मात्र फोटो हाती आले तेव्हा डोळ्यांखाली आणि हनुवटीवर पीठ लागल्यासारखे पांढरे पट्टे दिसले. फ्लॅशविना काढलेल्या फोटोंत यातले काहीही नाही. तिचा वर्ण गव्हाळ आहे आणि मुंबईच्या घामात पावडर टाळणे शक्य नाही. सनस्क्रीन लावणे सोडावे, की फोटोग्राफरना फ्लॅश वापरू नका असे सांगावे?

उत्तर (मेकअप आर्टिस्ट, विलेपार्ले)
ताई, तुम्ही केलेल्या वर्णनावरून मला पहिला संशय पावडरीचाच येतो. ‘एचडी’ किंवा ‘ट्रान्सलुसंट’ म्हणून मिळणाऱ्या अनेक पावडरींत मुख्य घटक सिलिका असतो. त्याचा पातळ थर घरातल्या उजेडात जवळजवळ दिसत नाही, पण जाड थर राहिला आणि लेन्सच्या अगदी शेजारून फ्लॅश पडला, तर तोच प्रकाश उलटून थेट कॅमेऱ्यात जातो. डोळ्यांखाली कन्सीलर (काळी वर्तुळे झाकणारे क्रीम) बसावा म्हणून तिथे पावडर भरपूर थापून ठेवतात आणि नंतर ती पुरती झटकली जात नाही, म्हणून पट्टे नेमके तिथेच उमटतात. गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर ते अधिक उठून दिसतात. पफवर थोडी पावडर घेऊन ती हातावर झटकावी, मग कपाळ, नाक आणि हनुवटी एवढ्याच भागांवर दाबून लावावी, आणि मोकळ्या ब्रशने उरलेली काढून टाकावी. डोळ्यांखाली त्वचेच्या छटेची किंवा किंचित पिवळसर पावडर अगदी कमी घ्यावी. घाम आला की त्यावर पुन्हा पावडर चढवू नये. टिपकागदाने टिपून घ्यावे.

सनस्क्रीनमधील झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांनीही चेहरा पांढुरका दिसू शकतो. मात्र टायटॅनियम डायऑक्साइड साध्या फाउंडेशनमध्येही रंगद्रव्य म्हणून असते, त्यामुळे डब्यावर केवळ ते नाव वाचून वस्तू बाद करू नये. संध्याकाळचा समारंभ हॉलच्या आत असेल तर त्या वेळी सनस्क्रीनची गरज नाही; सकाळी बाहेर फोटो काढायचे असतील तर मात्र ते अवश्य लावावे, फक्त पांढरा थर न ठेवणारे निवडावे.

उत्तर (छायाचित्रकार, गिरगाव)
फ्लॅश बंद करण्याचा आग्रह कृपया धरू नका, कारण हॉलमधल्या अपुऱ्या उजेडात अंतरपाट दूर होतानाचा फोटो हलण्याची भीती असते. प्रश्न फ्लॅश कोणत्या दिशेने येतो हा आहे. छत पांढरे आणि फार उंच नसेल तर आम्ही फ्लॅशचे तोंड वर करतो, म्हणजे प्रकाश छतावरून पसरून खाली येतो आणि पावडरीची चमक बरीच कमी होते. छत लाकडी किंवा रंगीत असेल तर बाजूला फ्लॅशचा प्रकाश पसरवणारी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाने झाकलेली पेटी) उभा करावा लागतो. फोटोग्राफरना हॉल आधी पाहून येण्यास सांगा. शिवाय हॉलचे पिवळे दिवे सुमारे 3000 केल्विनचे (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा), तर फ्लॅश सुमारे 5500 केल्विनचा असतो, त्यामुळे मागची सजावट पिवळी आणि चेहरा निळसर फिका येतो. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावले की हा फरक मिटतो. खरी अडचण नातेवाइकांच्या मोबाइलची आहे, कारण त्यांचा फ्लॅश लेन्सला चिकटूनच असतो आणि अंतर निम्मे झाले की चेहऱ्यावर चौपट प्रकाश पडतो.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. ट्रायलच्या दिवशी हे घरीच तपासता येईल का?

उत्तर (मेकअप आर्टिस्ट, विलेपार्ले)
जरूर तपासावे. मेकअपनंतर तासभर थांबून, दिवे मालवून, मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने फ्लॅशसह चार-पाच फुटांवरून दुसऱ्या कोणाला तरी फोटो काढायला सांगा. पुढच्या कॅमेऱ्यात पडद्याचा उजेड मंद असतो, त्यात दोष दिसत नाहीत. तोच फोटो फ्लॅशविना काढून शेजारी ठेवा. चेहऱ्याबरोबर मान, गळा आणि कानही चौकटीत येऊ द्या, कारण नवरीचा अंबाडा वर बांधल्यावर कान पूर्ण उघडे राहतात आणि फाउंडेशन तिथवर पोहोचले नसेल तर फ्लॅशमध्ये ते वेगळ्याच रंगाचे दिसतात.