मामाने दिले तर भेट, भाच्याने दिले तर उत्पन्न?

खतावणी:
मामाने भाच्याला दहा लाख दिले तर भाच्याला एक पैसा कर नाही. तोच भाचा कमवायला लागला आणि निवृत्त मामाच्या ऑपरेशनसाठी त्याने तीन लाख दिले, तर ते मामाचं उत्पन्न! कारण आयकर कायदा 'नातेवाईक' कोण हे घेणाऱ्याकडून मोजतो. जोडीदार, दोघांची भावंडं, आईवडिलांची भावंडं, थेट वरच्या-खालच्या पिढ्या आणि या सगळ्यांचे जोडीदार. त्यात मामा-काका आहेत, भाचे-पुतणे नाहीत. चुलत-मावस भावंडं तर दोन्ही बाजूंनी बाहेर. अशा बाहेरच्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० च्या वर रक्कम गेली की वरचीच नाही, अख्खी रक्कम करपात्र. ही मर्यादा २००६ पासून हललेली नाही. भाचे-पुतणे यादीत आलेच पाहिजेत.

नाकासमोर:
असहमत. पूर्वी भेटकर वेगळा होता आणि तो देणाऱ्यावर होता. ऑक्टोबर १९९८ पासून तो बंद झाला. मग २००४ पर्यंत कोणीही कोणालाही 'प्रेमाने' लाखो रुपये देत होतं. त्यातलं प्रेम किती आणि काळ्याचं पांढरं किती, हे बोगस भेटींच्या खटल्यांत दिसतंच. म्हणून कर घेणाऱ्याकडे आला. यादी कुठेतरी थांबवावीच लागते. आज भाचा घेतलात की उद्या भाच्याचा साडू येईल.

खतावणी:
साडूचं कोण बोलतंय? मामा भाच्याचा नातेवाईक, पण भाचा मामाचा कोणी नाही, एवढंच विचारतोय.

उंबरठा:
वाट आहे की. भाच्याने आईला द्यावेत, आईने तिच्या भावाला. दोन्ही व्यवहार यादीतले. कर शून्य.

नाकासमोर:
आणि एकाच दिवशी तीच रक्कम आईच्या खात्यात आली नि गेली, तर अधिकारी विचारणार नाही? आधीच ठरवून फिरवलेला पैसा तो उलगडून बघू शकतो.

खतावणी:
आई हयात नसेल तर तीही वाट बंद. म्हणजे ज्या भाच्याला मामानेच वाढवलं, नेमका तोच अडकतो. आणि गैरवापराची एवढी भीती असेल, तर मुलगा बापाच्या नावावर पैसे टाकून त्याच्या कमी उत्पन्नाचा फायदा घेतो ते कसं चालतं? बायकोला किंवा सुनेला दिलेल्या पैशाचं व्याज देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात ना! तीच अट भाच्याने मामाला दिलेल्या पैशाला लावा आणि यादी वाढवा. कोविडच्या उपचारासाठी कोणाकडूनही आलेली मदत करमुक्त केलीच होती. मग इतर आजारांनी काय घोडं मारलंय?

नाकासमोर:
उपचारापुरती सूट असेल, बिलं जोडायची अट असेल, तर माझी हरकत नाही. सरसकट यादीला आहे.

जमाखर्च:
तुम्ही दोघं करावर भांडताय, पण लोक फसतात रोखीत. सख्ख्या भावाने बहिणीला शेतमालाचे दोन लाख रोख दिले, तर कर शून्य. पण एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायची नाही, हा नियम २०१७ पासून आहे आणि नात्यालाही सूट नाही. दंड जेवढी रक्कम तेवढाच, तोही घेणाऱ्या बहिणीला. लग्नाचा आहेर वधूवरांना कोणाकडूनही करमुक्त, पण रोखीची मर्यादा तिथेही सुटत नाही. हा दंड मला अन्यायाचा वाटतो. पैसा पांढरा असल्याचं सिद्ध झालं तरी तो लागू शकतो.

उंबरठा:
मग एक लाख आज, एक लाख परवा.

जमाखर्च:
प्रसंग एकच असेल तर तेही चालत नाही. आणि 'उसने' म्हणाल तर २०,००० पासूनच रोख बंद.

नाकासमोर:
दंडाबद्दल मात्र मी सरकारच्या बाजूने. पुरेसं कारण दाखवलं तर तो माफ होऊ शकतो, हे सांगायचं राहिलं. बँकेतून पाठवायला भावाला अडचण काय?

जमाखर्च:
व्यापाऱ्याने त्याला रोख दिले, ही. तेच आधी स्वतःच्या खात्यात भरून मग पाठवले तर प्रश्न मिटतो, मान्य. पण रात्री दवाखान्यात पैसे हवे असतील तेव्हा 'पुरेसं कारण' नंतर अधिकाऱ्याला पटवत बसायचं बहिणीने.