फिशटँकमध्ये केसासारखे पांढरे किडे, पाणीही बिघडलंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मासे पाळणाऱ्या जाणकारांनी जरा वेळ काढून वाचा, मला खरंच मदत हवी आहे.

शेजारच्या काकांची बदली झाली आणि त्यांची दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी माशांसकट आमच्याकडे आली. ८ गप्पी, २ मॉली, ३ कोरीडोरास (तळाशी राहणारे छोटे मासे) आणि १ नेराइट गोगलगाय. तळाला दोन इंच रंगीत खडी, एक स्पंज फिल्टर, थोडी व्हॅलिस्नेरिया (पाणवनस्पती). हलवाहलवीत बरंचसं जुनं पाणी काढून टाकावं लागलं, आणि फिल्टर दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत कोरडा पडून होता. सुरुवातीला सगळं ठीक वाटलं. मग पाणी दुधाळ झालं आणि आता काचेवर किडे दिसतायत.

किडे पांढरे, केसासारखे बारीक, सेंटीमीटरभर लांब. खडी जरा हलली की ढिगाने वर उसळतात आणि वळवळत परत खाली बसतात. रात्री टॉर्च मारली तर पाण्याच्या पातळीलगत काचेवर जास्त असतात. गप्पी मधूनच एखादा मटकावतात. पण मला किड्यांपेक्षा माशांची काळजी जास्त आहे. सकाळी सगळे वर येऊन, पाण्याच्या कडेला तोंड लावून भराभर श्वास घेत असतात. एक मादी पोटुशी आहे, तिच्या कल्ल्यांची कड लालसर दिसते.

थेंबांच्या किटवर आलेले आकडे: अमोनिया १, नायट्राइट ०.५, नायट्रेट ८० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). पीएच ७.८, तापमान २८ अंश. पाणी महापालिकेचं.

माशांच्या दुकानात सांगितलं, जंताचं औषध टाका, नाहीतर टाकी रिकामी करून खडी उकळून घ्या. दोन्हीला मन धजत नाही. हे किडे नक्की कुठले? माशांच्या अंगात शिरतात का? औषध टाकलं तर गोगलगायीचं काय होईल? आणि पाणी किती, कसं बदलू?

प्रतिसाद

वर्णनावरून हे खडीतल्या घाणीवर जगणारे साधे किडे आहेत, गांडुळांच्या नात्यातले. उरलेले दाणे, विष्ठा, कुजलेली पानं हे त्यांचं खाणं. माशांच्या अंगात शिरत नाहीत. तरी खात्रीसाठी भिंग घेऊन बघा. चपटा, काचेवर न वळवळता सरकत जाणारा, त्रिकोणी डोक्याचा आणि दोन डोळ्यांसारखे ठिपके असलेला दिसला तर तो प्लॅनेरिया, म्हणजे वेगळ्या जातीचा चपटा किडा. आणि माशाच्या गुदद्वारातून लाल दोरे लोंबताना दिसले तर तो खरा परजीवी जंत, त्याची गोष्ट वेगळी. तुमच्याकडे दोन्ही दिसत नाहीत.

किडे खडी सोडून वर का आले, ते महत्त्वाचं. खडीत प्राणवायू कमी पडला की ते वर येतात. मासेही त्याच कारणाने वर येतायत, आणि त्यात अमोनियाने कल्ले जळतात. पीएच आणि तापमान जितकं जास्त तितका अमोनिया जास्त विषारी, त्यामुळे तुमच्या टाकीत १ पीपीएम ही गंभीर गोष्ट आहे. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात. तो वाळला तेव्हा त्यातले बरेचसे मेले. ते पुन्हा पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आजच करा: पाव भाग पाणी सायफनने (ओढून घेणाऱ्या नळीने) खडीतून काढा. एका वेळी खडीचा एक तृतीयांश भागच, सगळी एकदम ढवळू नका. भरायचं पाणी टाकीतल्याइतक्याच तापमानाचं, अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) घातलेलं. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत हे रोज. एअर पंप रात्रंदिवस चालू, जमलं तर एअर स्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा दगड) वाढवा. पहिले दोन दिवस खाणं बंद, मोठ्या माशांना काही होत नाही. मग दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच.

प्रतिसाद

औषधाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता अजिबात नको. फेनबेन्डाझोल हे जंताचं औषध प्लॅनेरियावर चालतं, पण नेराइट गोगलगायी त्याने मरतात. शिवाय हजारो किडे एकदम मेले की ते खडीत कुजणार, म्हणजे अमोनिया आणखी वाढणार. खडी उकळलीत तर उरलेसुरले जिवाणूही जातील. किडे हटवायचे असतील तर त्यांचं खाणं तोडा, बाकी काम गप्पी करतील.

स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच हलका पिळा. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला वापरलेला स्पंज मागून आणा, ओलाच. चार ते सहा आठवड्यांचं काम बरंच लवकर होईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंगाने पाहिलं, त्रिकोणी डोकं नाही. सायफनने काढलेलं पाणी अक्षरशः तपकिरी होतं, खडीखाली कुजलेल्या दाण्यांचा थर होता. पाणी आता नितळ आहे, मासे सकाळी वर येत नाहीत, काचेवरचे किडे तुरळक. अमोनिया ०.२५ वर आलाय. पण नायट्राइट १ झालंय! काही चुकतंय का? मादीला वेगळं ठेवू का?

प्रतिसाद

चुकत नाही, हेच अपेक्षित आहे. अमोनिया खाणारे जिवाणू आधी वाढतात, नायट्राइट खाणारे मागून. मधल्या काळात नायट्राइट चढतंच. ते रक्तातल्या प्राणवायूवर घाला घालतं, म्हणून पाणी बदलणं थांबवू नका. लिटरला अर्धा ग्रॅम साधं खडे मीठ मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून हळूहळू सोडा. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. कोरीडोरासना जास्त मीठ सोसत नाही, त्यामुळे मात्रा वाढवू नका. तुमच्या टाकीत खडी वगळून ४५ लिटरच्या आसपास पाणी असेल, म्हणजे २२ ग्रॅम पुरे. पुढे जितकं पाणी बदलाल तितक्याच पाण्यापुरतं मीठ पुन्हा घाला.

मादीला आत्ता हलवू नका. नव्या भांड्यात फिल्टर तयार नसेल तर तिथेही हाच अमोनिया. पिल्लांना लपायला व्हॅलिस्नेरियाच्या जोडीला मूठभर हायड्रिला (हीही पाणवनस्पती) सोडा. नायट्राइटचा आकडा एक दिवसाआड इथे टाकत राहा.