मदत हवी आहे: इलेक्ट्रॉनसाठी सरळ ॲक्सिलरेटर (कणांना वेग देऊन टक्कर घडवणारं मशीन) की गोल?

मंडळी, एका ठिकाणी गाडी अडकलीये. गोल मशीनचा फायदा कळतो, कण दर फेरीत त्याच कॅव्हिटीतून (विद्युत क्षेत्राने कणाला धक्का देणारा पोकळ डबा) जातो म्हणून थोड्या कॅव्हिटीत भागतं, आणि एलएचसीच्या (युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेचं प्रोटॉन मशीन) २७ किमी रिंगमधे प्रोटॉन सेकंदाला ११ हजारावर फेऱ्या मारतात म्हणजे टक्करीचे चान्सही तेवढे. सरळ मशीनमधे बीम एकदाच समोरासमोर येणार, झाली टक्कर तर झाली, उरलेला बीम डंपमधे (बीम शोषून घेणारा ठोकळा).

पण वळताना इलेक्ट्रॉन सिंक्रोट्रॉन रेडिएशन फेकतो (म्हणजे किरणांच्या रूपात एनर्जी गमावतो), आणि फेरीमागचा लॉस एनर्जीच्या चौथ्या घाताने वाढतो. प्रोटॉन १८३६ पट जड, त्याला हा त्रास नगण्य, त्याचं दुखणं वेगळं, त्याला वळवायला ८ टेस्लाचे (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं एकक) ताकदवान मॅग्नेट लागतात. एलएचसीच्याच बोगद्यात आधी एलईपी हे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन मशीन होतं (१९८९ ते २०००; पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन भाराचा जुळा), तिथे शेवटी १०४ जीईव्हीचा (जीईव्ही हे कणाच्या एनर्जीचं एकक) इलेक्ट्रॉन दर फेरीला ३ जीईव्हीवर घालवायचा!! म्हणून आयएलसी, क्लिक हे नव्या इलेक्ट्रॉन मशीनचे प्लॅन सरळ रेषेत, इथपर्यंत ठीक. मग सर्न ९१ किमीची नवी रिंग म्हणतंय त्यात आधी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच कसे? लॉस तर त्रिज्येच्या फक्त पहिल्या घाताने कमी होतो ना? कोणी नीट समजावेल का

प्रतिसाद १:
एनर्जी किती हवी ते आधी बघा. हिग्ज कण बनवायला एका बीमला १२० जीईव्ही पुरतात, एलईपीपेक्षा थोडेच जास्त, आणि रिंग तिप्पटीहून मोठी, त्यामुळे लॉस फेरीला २ जीईव्हीच्या आतच येतो. तरी दोन्ही बीम मिळून १०० मेगावॅट नुसते रेडिएशनमधे जाणार, पण बदल्यात टक्करी भरपूर. हेच बीमला २५० जीईव्ही केलंत तर लॉस जवळपास १९ पट, तिथे रिंगचा विषय संपला. सरळ मशीनमधे मीटरला साधारण ३१ मेगाव्होल्ट धरले तर २५० जीईव्हीला नुसत्या कॅव्हिटीच ८ किमी, तेही एका बाजूच्या, पण पुढे एनर्जी वाढवायची तर लांबी वाढवा, बास. टक्करी कमी पडतात म्हणून बीम काही नॅनोमीटरपर्यंत दाबतात, खरी कसरत तिथे आहे माझ्या मते.

मूळ प्रश्नकर्ता:
धन्यवाद, आता डोक्यात शिरलं! मग म्यूऑनच (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) का नाही घेत? इलेक्ट्रॉनपेक्षा २०७ पट जड आहे म्हणजे रेडिएशनची कटकटच नको, की २.२ मायक्रोसेकंदात मरतो तेवढ्यानेच सगळं अडतं? वेग वाढला की आयुष्य पण लांबतं ना त्याचं