नागपूरचा मे, ५०८० कार्ड आणि आवाज नको: कस्टम लूपची यादी तपासून द्या

उकाडा_४५:
रायझेन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर आणि आरटीएक्स ५०८० ग्राफिक्स कार्ड, दोन्ही एकाच लूपमध्ये (पाणी फिरवून थंड करायची बंद साखळी) घ्यायचे आहेत. मशीन टेबलावर, कानापासून जेमतेम दोन फुटांवर. मे महिन्यात डेझर्ट कूलरच्या घरघरीत कशाचाच आवाज येत नाही, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री खोली एकदम शांत असते, तेव्हा फॅन ऐकू यायला नको. खोलीचं तापमान हिवाळ्यात १८, उन्हाळ्यात ३६ पर्यंत. केस दोन कप्प्यांची आहे. वर, खाली आणि बाजूला अशी तिन्हीकडे ३६० (१२० मिमीच्या तीन फॅनचा रेडिएटर) बसतो.

ठरवलेली यादी: ३० मिमी जाडीचे दोन ३६० रेडिएटर, जुन्या ऑल-इन-वन (तयार, बंद) वॉटर कूलरचा रेडिएटर तिसरा म्हणून, आर्क्टिक पी१२ फॅन, आकाराने लहान म्हणून डीडीसी पंप, पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या आणि पांढरं दुधी कूलंट. पंप-रेझर्व्हॉयर (पंप आणि पाण्याची टाकी एकत्र) बाजूच्या फॅनवरच ब्रॅकेटने लावणार. काय बदलू?

पितळी_फिटिंग:
आधी जुना रेडिएटर यादीतून काढा. ऑल-इन-वनचे रेडिएटर बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात आणि तुमचे ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी फिरणारे तुकडे) तांब्याचे किंवा निकेल चढवलेल्या तांब्याचे असणार. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, त्याचा पांढरट गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत जाऊन बसतो. गंजरोधक घातलं तर हे फक्त लांबतं, थांबत नाही. लूपमध्ये तांबं, पितळ आणि निकेल एवढेच धातू हवेत.

आता उष्णता. प्रोसेसरची वीजमर्यादा १६२ वॅट आहे, पण गेममध्ये तो साधारण ८० ते १०० वॅटच घेतो. कार्ड ३६० वॅटचं. म्हणजे खऱ्या वापरात ४५० वॅट धरा. ३० मिमीचा ३६० रेडिएटर, फॅन ७००-८०० आरपीएमवर, पाणी हवेपेक्षा १० अंशांनी गरम असेल तर ढोबळमानाने १५० वॅट बाहेर टाकतो. दोन रेडिएटर म्हणजे ३०० वॅट, तेव्हा ४५० वॅटला पाणी हवेच्या १५ अंश वर जाऊन थांबेल. हिवाळ्यात ३३, काही प्रश्न नाही. मे महिन्यात ५१. पंपाची मर्यादा ६० अंश आणि पीईटीजी नळीचीही साधारण तेवढीच धरतात. एखादा फॅन बंद पडला की मधलं अंतर संपलं.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय फुकटच आहे. कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. ३६० चे २८८ वॅट होतात आणि फ्रेम इतके थोडे कमी होतात की आकडा बघितल्याशिवाय कळत नाहीत. मग एकूण ३८० वॅट, पाणी हवेच्या साडेबारा-तेरा अंश वर.

रेडिएटर कुठे लावता यालाही महत्त्व आहे. खालचा आणि बाजूचा, दोन्हींना बाहेरची हवा आत घेऊ द्या आणि वरची जाळी मोकळी सोडा. तिसरा वर लावलात तर त्याला पहिल्या दोघांतून चार-पाच अंशांनी तापून आलेली हवा मिळते, म्हणजे पैसे पूर्ण आणि काम निम्मं. त्यापेक्षा पुढेमागे टेबलाखाली मोरा३ ३६० सारखा नऊ फॅनचा बाहेरचा रेडिएटर जोडलेला बरा. आत्ताच परतीच्या नळीत क्विक डिस्कनेक्टची (पाणी न सांडता सुटणाऱ्या जोडाची) एक जोडी टाकून ठेवा, नंतर लूप फोडावा लागणार नाही.

धातूच्या पात्या (फिन) दाट असलेला रेडिएटर घेऊ नका. इंचाला १० ते १६ पात्या पुरेत. दाट जाळीतून हवा ढकलायला फॅन जोरात फिरवावा लागतो, शिवाय आपल्याकडची धूळ तिथे तीन महिन्यांत नमद्यासारखी बसते.

मंदगती:
पंपाच्या आवाजाबद्दल वरच्या प्रतिसादात काही आलं नाही, आणि फॅन ६०० वर आले की ऐकू येतो तो पंपच.

डीडीसी दाब चांगला देतो, पण गरम होतो आणि त्याचा सूर चढा असतो. दोन ब्लॉक आणि दोन रेडिएटरच्या लूपला त्या दाबाची गरजच नाही. पीडब्ल्यूएमवाला (मदरबोर्डवरून वेग ठरवता येणारा) डी५ पंप घ्या. तो १८०० ते ४८०० आरपीएम फिरतो, तुम्हाला २४०० ते २८०० च्या पलीकडे जायला लागणार नाही. प्रवाह किती हवा याचं गणित सोपं आहे: ४५० वॅट आणि ताशी १०० लिटर असेल तर पूर्ण फेरीत पाणी सुमारे ४ अंशांनीच तापतं. २०० लिटर केलंत तर २ अंश. त्या दोन अंशांसाठी पंप किंचाळत ठेवायचा का? ताशी ६० लिटरच्या खाली मात्र जाऊ नका. यावरूनच कळेल की आधी प्रोसेसर की आधी कार्ड हा वाद निरर्थक आहे. रेझर्व्हॉयर पंपाच्या आधी आणि वर हवा, बाकी नळ्या जशा सरळ जातील तशा न्या.

फॅनवर पंप बसवू नका. पंपाची थरथर ब्रॅकेटमधून रेडिएटरच्या पत्र्यात उतरते आणि पूर्ण केस तंबोऱ्यासारखी घुमते. मागच्या कप्प्यात, खाली मऊ सिलिकॉन किंवा स्पंजचा थर आणि त्यावर पंप. स्क्रू कडक आवळलात तर तो थर असून नसल्यासारखा, कारण थरथर स्क्रूतूनच जाते. पंप बसवल्यावर १०० आरपीएमच्या टप्प्याने वेग वाढवत केसच्या पत्र्यावर बोटं ठेवा. मध्येच एका वेगाला पत्रा झिणझिणतो, तेवढा वेग टाळायचा.

परतीचं पाणी रेझर्व्हॉयरमध्ये वरून पडत असेल तर नळासारखी खळखळ येते. परतीचं तोंड पाण्याच्या पातळीखाली घ्या.

पी१२ वाईट नाहीत, पण साधारण ९०० ते १००० च्या मध्ये गुणगुणतात. ८०० च्या खाली ठेवणार असाल तर खुशाल घ्या. नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५ मध्ये ती गुणगुण नाही, किंमत मात्र कितीतरी पट.

उकाडा_४५:
यादी बरीच बदलली! पंप आणि रेडिएटर कळलं. फॅन सध्या प्रोसेसरच्या तापमानावर चालतात आणि ब्राउझर उघडला तरी भुर्रकन वर जातात. लूपमध्येही तसंच होईल का?

पितळी_फिटिंग:
सेटिंग तेच ठेवलंत तर होईल. ९८००एक्स३डी मध्ये बहुतेक उष्णता एका नखाएवढ्या चिपमधून निघते, त्यामुळे पाणी ३० अंशांवर असलं तरी कोअर क्षणात ७५ दाखवतो. फॅन वाढवून तो आकडा उतरत नाही, कारण अडथळा चिप आणि ब्लॉकच्या मधे आहे, रेडिएटरमध्ये नाही. पाणी सावकाश तापतं: ८० वॅटचा जादा भार ३० सेकंद आला तरी एक लिटर पाणी जेमतेम अर्धा अंश चढतं. म्हणून फॅन पाण्याच्या तापमानावर चालवायचे. १० किलो-ओहमचा, जी पाव इंच आट्यांचा सेन्सर लूपमध्ये लावा आणि त्याची वायर मदरबोर्डच्या दोन पिनांच्या तापमान-सेन्सरला द्या. बोर्डावर ती सोय नसेल तर ॲक्वाकॉम्प्युटरचा क्वाड्रो हा फॅन-कंट्रोलर घ्या.

पण नागपुरात एवढ्यानं भागत नाही. ४० अंशांना ७०० आरपीएम असं लावलंत तर डिसेंबरमध्ये छान, आणि मे महिन्यात मशीन नुसतं चालू असतानाच पाणी ३९ वर, फॅन वर-खाली. म्हणून दुसरा तसलाच सेन्सर बाजूच्या रेडिएटरच्या बाहेरच्या अंगाला, धातूला न टेकवता, हवेत लटकवा आणि पाणी वजा हवा या फरकावर फॅनचा कर्व्ह (तापमानानुसार वेग) लावा. विंडोजवरच्या फॅनकंट्रोलमध्ये दोन सेन्सरची वजाबाकी करता येते, क्वाड्रोच्या सॉफ्टवेअरमध्येही. सुरुवातीला हे आकडे घ्या:

फरक ४ अंशांपर्यंत ४५० आरपीएम
८ ला ६००
१२ ला ८००
१६ ला ११००

सोबत एक स्वतंत्र नियम: पाणी ५५ झालं की फरक काहीही असो, सगळे फॅन पूर्ण. पंपाला कर्व्ह नको. एकच वेग.

ठिबक_बंद:
नळ्या आणि पाणी माझ्याकडून.

दुधी कूलंट दिसायला छान, पण त्यातले कण मंद प्रवाहात खाली बसतात आणि ब्लॉकच्या खाचा बुजवतात. तुमचा लूप मुद्दाम मंद आहे, तेव्हा पारदर्शकच घ्या. पीईटीजीऐवजी काळी ईपीडीएम (रबरी) नळी, १६/१० (बाहेरून १६, आतून १० मिमी). ती मऊ असल्यामुळे पंपाची थरथर पुढे नेत नाही आणि पारदर्शक पीव्हीसीसारखा तिच्यातून चिकट प्लास्टिसायझर सुटत नाही. ३ मीटर पुरेल. फिटिंग १०, त्यावर २ जास्तीच्या, ९० अंशाच्या फिरत्या २ आणि सगळ्यात खालच्या जागी टी व बॉल व्हॉल्व्ह. ड्रेन न ठेवता लूप बांधणारे पहिल्या सफाईला पस्तावतात.

आरओचं पाणी चालणार नाही, त्यात क्षार उरतातच. तयार कूलंट घ्या, किंवा डिस्टिल्ड पाण्यात त्याच कंपनीचं कॉन्सन्ट्रेट मिसळा. नुसतं डिस्टिल्ड ठेवलंत तर शेवाळ धरतं.

नवे रेडिएटर आतून धुवा. अर्धा भरेल इतकं गरम (उकळतं नाही) डिस्टिल्ड पाणी, तोंडं बंद, दोन मिनिटं हलवा, पांढऱ्या भांड्यात ओता. काळे कण आणि डागकामाचा फ्लक्स दिसेल. पाणी स्वच्छ येईपर्यंत, साधारण चार-पाच वेळा.

भरण्याआधी हवेच्या पंपाने ०.५ बार दाब देऊन २० मिनिटं बघा. पहिल्या मिनिटात काटा किंचित उतरतो, तो मऊ नळी ताणल्यामुळे. नंतरही उतरत राहिला तर गळती आहे. मग मदरबोर्ड आणि कार्डाच्या सगळ्या वायरी काढून, पीएसयूच्या (वीजपुरवठ्याच्या) २४ पिनांत पीएस-ऑन (हिरवी) आणि ग्राउंड (काळी) जोडून फक्त पंप चालवा. रेझर्व्हॉयर रिकामा व्हायच्या आत थांबवा, भरा, पुन्हा. डी५ चं बेअरिंग पाण्यावरच चालतं, कोरडा फिरला की खराब. त्या वेळी पीडब्ल्यूएमची वायर सुटी असल्याने पंप जोरात फिरू शकतो, तो आवाज मनावर घेऊ नका. बुडबुडे काढायला केस चारी बाजूंना तिरकी करा.

मंदगती:
@उकाडा_४५, कार्डाचा ब्लॉक घेताना ‘५०८० साठी’ एवढ्यावर जाऊ नका. कार्डाच्या कंपनीचं नेमकं मॉडेल ब्लॉकवाल्याच्या यादीत शोधा, प्रत्येकाचा पीसीबी (सर्किट बोर्ड) वेगळा असू शकतो. थर्मल पॅडची जाडी ब्लॉकच्या पत्रकातली, जुन्या कूलरवरची नाही. चिपवर पेस्टऐवजी पीटीएम७९५० (उष्णता वाहून नेणारी पातळ चकती) लावलंत तर वरचेवर ब्लॉक उघडावा लागत नाही.

फॅन गप्प झाले की कार्डाची कॉइलची चिरचिर ऐकू यायला लागेल. ती पाण्यानं जात नाही. फ्रेमना मर्यादा घाला, बरीच कमी होते. ब्लॉक बसवण्याआधी, मूळ कूलरवरच फॅन मिनिटभर मंद ठेवून ती ऐकून घ्या. असह्य असेल तर कार्ड बदलून मिळायची वेळ तीच, एकदा कूलर उघडला की वॉरंटीवरून दुकानदाराशी हुज्जत घालावी लागते.