तंबू स्वतः ठोकायचा की गादीवाला भाड्यानं घ्यायचा?

काळी_माती (धागाकर्ता)

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन रात्री बाहेर काढायच्या आहेत. मी, बायको, नववीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि बहात्तर वर्षांची आई. राहायला छत्रपती संभाजीनगरात, मूळ गाव औसा तालुक्यातलं.

पर्याय दोन. म्हैसमाळच्या बाजूला ओळखीच्या माणसाचं शेत आहे, तिथं माळावर स्वतःचा तंबू ठोकायचा आणि चुलीवर पिठलं-भाकरी करायची. नाहीतर हल्ली ज्याला ग्लॅम्पिंग म्हणतात ते. कॅनव्हासचा मोठा तंबू, आत पलंग, गिझर, कमोड, सकाळी पोह्यांपासून पास्त्यापर्यंत नाश्ता. रात्रीचे साडेसात हजार, आणि आम्हाला दोन तंबू घ्यावे लागणार.

माझं मत आधीच सांगतो. दुसऱ्याला मी तंबूत राहणं म्हणत नाही, ती कापडी भिंतींची हॉटेलची खोली आहे. मागच्या वर्षी अशाच एका ठिकाणी गेलो होतो. झाडाझाडाला दिव्यांच्या माळा, साडेदहापर्यंत स्पीकर, वीज गेली की डिझेलचा जनरेटर. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. पोराला तो दाखवायचाय, माळांच्या उजेडात काय डोंबल दिसणार? पण आईचा विचार आला की हात आखडतो. बोला.

गोदाकाठ

शेतच. पण तयारीनं जा. म्हैसमाळ हजार मीटरच्या वर आहे, पहाटे वारा हाडात शिरतो. लोक अंगावर चार पांघरुणं घेतात आणि खाली एक सतरंजी टाकतात. थंडी खालून येते हो, जमीन अंगातली ऊब ओढून घेते. खाली जाड मॅट, त्यावर वाकळ, मग माणूस.

जागा मुरमाड बघा. काळ्या रानात खुंट्या धरत नाहीत, वाळलेलं असलं की भेगा आणि ओलं असलं की लोण्यात सुरी. माळावर उलटी तऱ्हा, चार बोटांवर खडक लागतो आणि खुंटी वाकते. तिथं दोर दगडाला बांधायचा. आणि तंबूचं वरचं कापड आतल्याला टेकू देऊ नका. टेकलं की पहाटे दव आत झिरपतं आणि सगळे म्हणतात तंबू गळका निघाला.

दुपारची_बस

दोन्ही पोस्टी वाचल्या. मॅट झाली, खुंटी झाली, उल्का झाल्या. संडासाचं कुणीच बोललं नाही. अर्थात, दोघंही पुरुष.

मी तीन वेळा अशा 'खऱ्या' कॅम्पला गेले आहे. तिन्ही वेळा संध्याकाळनंतर पाणी प्यायचं टाळलं, कारण अंधारात बॅटरी घेऊन कुणाला तरी सोबत न्यावं लागतं. एकदा पाळी आली होती, ते तर सांगतच नाही. बहात्तर वर्षांच्या बाईला तुम्ही उकिडवं बसवणार? गुडघे विचारलेत का त्यांचे? कमोड ही चैन वाटत असेल तर पैसे वाचवा आणि घरीच थांबा.

गोदाकाठ

मुद्दा मान्य, माझी चूक. पण उपाय आहे. घडीची कमोड-खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते. खाली वीतभर खोल खड्डा, भोवती ताडपत्रीचा आडोसा, वापरल्यावर माती. विहीर-ओढ्यापासून निदान साठ-सत्तर पावलं लांब.

दुपारची_बस

आणि ती खुर्ची धुणार कोण? तुम्ही की काळी_माती यांची बायको?

मुरूमकर

मधेच एक. कुणी 'शेत कशाला, गौताळ्यात जाऊन ठोका' असं सुचवायच्या आधी सांगतो, ते अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. परवानगीशिवाय आत मुक्काम नाही, आणि आत आग पेटवणं तर गुन्हाच. बिबटेही आहेत. दौलताबादच्या किल्ल्यावर रात्र काढू म्हणणारेही दरवर्षी भेटतात. मालकाला विचारून शेतात उतरणं हाच सरळ मार्ग.

इतिहासाचा_किडा

कापडी महालाची थट्टा करताय, पण याच डोंगराच्या पायथ्याला खुलताबादेत असा एक जण झोपलाय, ज्यानं दख्खनेत आल्यापासून १७०७ पर्यंत आयुष्याची पंचवीसेक वर्षं बहुतेक छावणीतच काढली. त्याच्या छावणीत बाजार होता, कचेऱ्या होत्या, अख्खं शहर तंबूत हिंडत होतं. आणि कबर बघा, उघडी, साधी.

व्यवस्थापक

औरंगजेब आला की धागा बंद करावा लागतो, अनुभव आहे. इथंच थांबा. विषय तंबू.

लातूरकर_२०१६

माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो पैशांचा नाही. एका ठिकाणी जाहिरातीत तंबूत बाथटब दाखवला होता. मराठवाड्यात! एप्रिल २०१६ मध्ये आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलो आहोत. टँकरभोवती घागरींच्या रांगेत आई उभी राहिलेली आठवते. कमोडला माझी हरकत नाही, ताईंचं बरोबरच आहे. पण ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तिथं बोअर मारून टब भरायचा आणि वर 'निसर्गाच्या कुशीत' लिहायचं, हे मला पचत नाही. बुकिंग करताना एवढंच विचारा, पाणी कुठून येतं. उत्तर देताना माणूस चाचरला की समजून जा.

सात_खोल्यांचा_मालक

मी असा धंदा करतो, नाव सांगत नाही. माझ्याकडं टब नाही. गावातली अकरा माणसं कामाला आहेत, पैकी चार बायका, नाहीतर ती पुण्याला गेली असती. तुम्ही शेतात फुकट तंबू ठोकून गावाला काय देता? कचरा?

मात्र खरं ते सांगतो. आमच्या तंबूत उन्हाळ्यात येऊ नका. कॅनव्हासला जाडी नसते, बेचाळीस अंशांत एसी नुसताच घुरघुरतो. ज्यांना बंदोबस्त हवाय त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत यावं, तेव्हा हुरडाही असतो.

गोदाकाठ

हुरडा तुमच्याकडं ताटलीत वाटून येतो. आगटीच्या बाजूला बसून, गरम कणीस हातावर चोळून, तोंड काळं करून खाल्ला नाही तर तो हुरडाच नाही.

कोयता

धागा सकाळपासून वाचतोय. हसू बी येतंय अन् राग बी.

मी बीड जिल्ह्यातला. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की निघायचं, उन्हाळा लागला की परत. कारखान्याजवळ उसाच्या पाचटाची कोपी. मी तिसरीपर्यंत दर हिवाळा कोपीत झोपलोय. पहाटे तीनला आई उठायची, अंधारात भाकरी टाकायची. पाऊस आला की अंथरूण गुंडाळून बैलगाडीखाली. विंचू चावलेला पण आठवतोय. तुम्ही ज्याला 'खरं' म्हणून भांडताय ते आम्ही फुकट भोगलं, त्याला कुणी अनुभव म्हणलं नाही.

आता माझी नोकरी बरी आहे. मागच्या जानेवारीत आईला घेऊन त्या गादीच्या तंबूत गेलो. तिनं गिझरचं पाणी अंगावर घेतलं अन् म्हणली, असली कोपी तेव्हा असती तर. मला त्या दिवशी साडेसात हजार लई स्वस्त वाटले. ज्याला दगडावर दोर बांधायची हौस आहे त्यानं बांधावा, माझी ना नाही. फक्त तेच खरं अन् आमचं खोटं, असं म्हणू नका.

दुपारची_बस

कोयता, हे लिहिलंत ते बरं केलंत.

लातूरकर_२०१६

माझा पाण्याचा प्रश्न तसाच आहे, पण यावर वाद घालणार नाही.

काळी_माती

'हॉटेलची खोली' हे शब्द मागे घेतो. स्पीकरबद्दलचं मत नाही घेत.

शेवटी आईलाच विचारलं, ते आधी करायला हवं होतं. तिनं दोन्हीकडचे फोटो बघितले. म्हणाली, साडेसात हजारात आपली येळवस (वेळ अमावस्येचा रानातला सण) झाली असती, भज्जी-आंबिलीला अख्खी भावकी जेवली असती. लहानपणी येळवसीला ती कडब्याच्या कोपीशेजारी दिवसभर असायची, पण रात्र कधी काढली नाही, तेव्हा बायांनी रानात झोपायची पद्धत नव्हती. आता झोपायचंय म्हणते. अटी दोन: बसायचा संडास आणि बाज. जमिनीवर झोपणार नाही.

शेतमालकाच्या घरी कमोड आहे, तंबूपासून दोनशे पावलांवर. रात्री सोबत मी जाईन, बायको नाही. बाज मात्र तंबूच्या दारातून आत जात नाहीये, काल अंगणात करून बघितलं.

गोदाकाठ

बाहेरच ठेवा. वर मच्छरदाणी, म्हणजे दवही थेट अंगावर पडत नाही. वाकळी दोन. उल्का सगळ्यात चांगल्या त्यांनाच दिसतील, झोपल्या झोपल्या.

सात_खोल्यांचा_मालक

मच्छरदाणीची बाज, वर चांदणं. याचेच मी साडेसात घेतो.

काळी_माती

गाडीच्या टपावर बांधून न्यावी लागेल. सुंभ पुरेल की नायलॉनचा दोर घेऊ?